आचाऱ्याचा आचार्य

पंचवटी एक्सप्रेसमधून मुंबईस जातांना शेजारच्या वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस एकदां विचारलें, “आपण काय करतां?” इंग्रजी शब्द टाळून बोलावें अशी त्या दिवशीं आम्हांस कां कोण जाणे बुद्धि झाली, आणि “संकेतस्थळें तयार करतों” असें उत्तर आम्ही देऊन बसलों. गृहस्थांचा चेहरा एकदम उजळला. “वा! माझ्या पुतणीसाठीं एखादें चांगलें स्थळ असेल तर सांगा. मुलगी एम. कॉम. आहे.” इगतपुरी येईपर्यंत आमचा वेळ त्यांचा गैरसमज दूर करण्यांत गेला, आणि कसारा घाट उतरेपर्यंत आम्हांस वाटूं लागलें कीं, स्थळें जुळविण्याचा त्यांच्या मनांतला धंदा आमच्या धंद्याहून पुष्कळच सुखाचा असला पाहिजे. त्यांत निदान दोन्ही पक्षांना एकमेकांची भाषा कळते.

गेलीं वीस वर्षें आम्ही नाशकांत बसून हा उद्योग करीत आहोंत. संगणकावर आमचा राग असेल, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं. संगणक बिचारा सांगितलेलें करतो. आमचें भांडण आहे तें सांगणाऱ्यांशीं, आणि त्या सांगणाऱ्यांत आम्ही स्वतःहि येतों, हें या लेखांत पुढें कबूल करावें लागणारच आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं येथील एका संस्थेच्या यादीचें काम आमच्याकडे आलें. यादींत माणसांचीं व गांवांचीं नांवें होतीं. ती छापून हातीं आली तेव्हां त्र्यंबकेश्वराच्या जागीं सर्वत्र ‘त्र्यंबकेश’ असें उमटलेलें! एका सभासदानें तर शंकराच्या जटांचा हा उल्लेख असावा असें म्हणून समाधान मानून घेतलें. खरा प्रकार असा कीं, ‘त्र्यंबकेश्वर’ या शब्दांत आपण ५ अक्षरें उच्चारतों. पण अक्षराचा पाय मोडल्याची खूण, अनुस्वार, मात्रा हीं सर्व यंत्र निरनिराळीं मोजतें, आणि त्याच्या हिशेबीं हा शब्द १३ चिन्हांचा होतो. सध्यां सर्वत्र चालू असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतींत प्रत्येक देवनागरी चिन्हास ३ बाइट जागा लागते. म्हणजे एकूण ३९. साध्या इंग्रजी अक्षरास १ बाइट पुरतो. ज्यानें यादीचा तक्ता आंखला होता त्यानें गांवाच्या नांवासाठीं ३० बाइट राखून ठेवले होते, आणि इंग्रजी नांवांपुरतें पाहिलें तर ते भरपूर होते. ३० बाइटांत १० चिन्हें बसलीं. दहावें चिन्ह ‘श’ हें होतें. तेथें सुरी पडली.

आम्हीं हें सर्व संस्थेच्या चालकांस समजावून सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाले, “एवढी भानगड असेल तर इंग्रजींत लिहा ना.” हें वाक्य या वीस वर्षांत आम्हीं इतक्या तोंडांतून ऐकलें आहे कीं, आतां त्याचा रागहि येत नाहीं, येतो तो एक प्रकारचा थकवा. अर्जाच्या रकान्यांत मावत नाहीं, इंग्रजींत लिहा. शोधून सांपडत नाहीं, इंग्रजींत लिहा. मोबाइलच्या लघुसंदेशांत रोमन लिपीचीं १६० अक्षरें बसतात व देवनागरीचीं चिन्हें ७० च, तेव्हां पैसे वांचवा व इंग्रजींत लिहा! जो अंगरखा बेतला तो दुसऱ्याच्या अंगावर, आणि घट्ट झाला तर दोष आमच्या खांद्यांचा.

या घोटाळ्याला इतिहास आहे. खिळे जुळवून छापण्याच्या काळांत देवनागरीची अडचण कांहीं कमी नव्हती. जोडाक्षरें, मात्रा, रफार यांसाठीं शेंकडों खिळे लागत. पण जावजी दादाजींच्या निर्णयसागराचें जुनें पुस्तक उघडून पाहावें; त्या माणसांनीं अडचण लिपीच्या माथीं मारली नाहीं, ओतशाळेंत सोडविली. संगणकाच्या बाबतींतहि आरंभ वाईट नव्हता. भारतीय लिप्यांसाठीं ‘इस्की’ नांवाचें प्रमाण १९९१ सालीं ठरलें, आणि त्याच वर्षीं जगांतील सर्व लिप्यांना एकाच कोष्टकांत जागा देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. शाळा बांधून तयार होती. मुलें मात्र भलत्याच वर्गांत जाऊन बसलीं. ज्याला त्याला मराठी अक्षर पडद्यावर उमटलें म्हणजे पुरे होतें. म्हणून फॉन्ट करणाऱ्यांनीं रोमन अक्षरांच्या घरांत मराठी आकृत्या भाडेकरू म्हणून बसविल्या. दिसायला ‘क’, पण यंत्राच्या दृष्टीनें तें एखादें इंग्रजी अक्षर किंवा विरामचिन्ह! शिवाय प्रत्येक कंपनीचा भाडेकरू निराळ्या घरांत. तो फॉन्ट तुमच्या यंत्रांत असेल तर मराठी, नसेल तर पिशाचलिपि. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमानें सामान्य लोकांस इंटरनेट खुलें करून दिलें. त्यानंतरच्या सुमारें दहा वर्षांत महाजालावर जें मराठी लिहिलें गेलें, त्यांतील बराच भाग या सोंगांत आहे. तो शोधून सांपडत नाहीं, कारण तो मराठी आहे हेंच यंत्रास ठाऊक नाहीं. आम्हीं स्वतः २००५ सालीं असें एक संकेतस्थळ मोठ्या अभिमानानें बांधलें होतें. युनिकोडचें नांव तेव्हां आम्हांस माहीत होतें. घाई होती, एवढेंच समर्थन आमच्यापाशीं आहे.

त्याचें प्रायश्चित्त आम्हांस आमच्या गुरुजींच्या हातून मिळालें. शाळेंत ज्यांनीं आम्हांस मराठी शिकविलें ते आतां पंच्याऐंशीच्या घरांत आहेत. तीसएक वर्षें त्यांनीं एक नाद केला: जुन्या नाशकांतील वाड्यांत, घाटावर, तांबटांच्या वस्तींत फिरून भांड्यांचे व स्वयंपाकघराचे शब्द गोळा केले. घंगाळ, तपेलें, चरवी, कासंडी, ओगराळें हे तर आपणांस ठाऊक असतात. पण मठारण्याच्या ठोक्यांचे प्रकार, कल्हईवाल्यांचे आपसांतले शब्द, लग्नघरीं भांडीं मोजण्याची भाषा असें कितीतरी त्यांच्या टिपणांत होतें. १९९९ सालीं एका दुकानांत त्यांनीं तें सर्व संगणकावर टंकून घेतलें. प्रकाशक मिळाला नाहीं. हस्तलिखित त्या दुकानाच्या घरबदलांत रद्दींत गेलें, छापून घेतलेल्या एकुलत्या प्रतीस वाळवी लागली, आणि शिल्लक राहिली एक सीडी. ती घेऊन गुरुजी आमच्याकडे आले. आम्हीं ती उघडली. पडद्यावर रोमन अक्षरांचा, टिंबांचा व कंसांचा पाऊस पडला. गुरुजी चष्मा सांवरून म्हणाले, “हें काय रे बाबा? मीं कोणाला शिव्या दिल्या होत्या?”

असल्या मजकुराचें युनिकोडांत रूपांतर करणें म्हणजे एका एका भाडेकरूस त्याच्या मूळ घरीं पोंचविणें. त्यांत गंमत अशी कीं, जुन्या फॉन्टांत अक्षर जसें दिसतें त्या क्रमानें सांठविलें जाई, म्हणून ऱ्हस्व वेलांटी आधीं व व्यंजन मागून. युनिकोडांत उच्चाराचा क्रम, म्हणून व्यंजन आधीं. रफाराचें याच्या उलट. शिवाय गुरुजींच्या मजकुरांत एकाच फॉन्टच्या दोन आवृत्त्या मिसळल्या होत्या, आणि दोहोंत कांहीं घरें बदललेलीं. आम्हीं दोन महिने रात्रीं बसून रूपांतराचा कार्यक्रम लिहिला, मोठ्या अक्षरांत पानें छापलीं आणि एका रविवारीं विजयी मुद्रेनें गुरुजींसमोर ठेवलीं. त्यांनीं ‘सतेलें’ या शब्दाची नोंद वाचली आणि ते थांबले. “लग्नघरीं आचार्यास विचारूनच सतेलीं काढीत,” त्यांनीं मोठ्यानें वाचलें. “अरे, आपल्याकडे आचार्य सतेलीं केव्हांपासून मोजूं लागले?”

‘आचारी’ स्वयंपाक करतो. त्याचें ‘आचाऱ्यास’ होतें. ‘आचार्य’ वेद शिकवितो. त्याचें ‘आचार्यास’ होतें. हा भेद मराठी कानाला पुरता कळतो, आणि लिहितांना तो एका आडव्या बांकदार र-काराच्या फरकानें दाखविला जातो. आमच्या रूपांतरानें सगळे आचारी आचार्य करून टाकले होते. ब्रह्मगिरीच्या दऱ्यांचा दर्या झाला होता. आम्हीं तत्काळ उत्तर दिलें, “फॉन्टचा दोष आहे, गुरुजी.” वेड्यावांकड्या चुका लगेच डोळ्यांत भरतात. ज्या चुकीनें दुसरा एखादा शुद्ध शब्द तयार होतो ती शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्रालाहि दिसत नाहीं. तिला गुरुजीच लागतात.

रात्रीं घरीं येऊन शोध घेतला तेव्हां फॉन्ट निर्दोष सुटला. तो बांकदार र-कार युनिकोडांत दोन तऱ्हांनीं लिहितां येतो. एका तऱ्हेंत नुक्ता असलेला स्वतंत्र ‘ऱ’ असतो. दुसरींत साधा ‘र’, पाय मोडल्याची खूण, आणि तिच्यामागें एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांस दोन्ही सारखीं, यंत्रास निराळीं. आमच्या कार्यक्रमानें दुसरी तऱ्हा वापरली होती. आणि त्याच कार्यक्रमांत, मजकूर ‘स्वच्छ’ व्हावा म्हणून, सर्व अदृश्य चिन्हें काढून टाकणारी एक ओळ आम्हींच लिहून ठेवली होती. ती ओळ आम्हीं कोठून तरी उचललेली होती. इंग्रजी मजकुरासाठीं ती लिहिलेली होती व तेथें ती निरुपद्रवी होती. म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर बेतलेला अंगरखा आम्हींच आणून गुरुजींना घातला.

उचलेगिरीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतों. आमच्या धंद्यांत हल्लीं कोणीहि सर्व कांहीं स्वतः लिहीत नाहीं. एक पान बांधावयाचें तर दुसऱ्यांनीं लिहिलेले शेंकडों तुकडे आणावयाचे, त्या तुकड्यांनीं आणखी तुकडे आणावयाचे, आणि त्या सर्वांत काय आहे हें कोणीं वाचलेलें नसतें. मार्च २०१६ मध्यें एका लेखकानें आपला ११ ओळींचा तुकडा मागें घेतला. शब्दाच्या डाव्या अंगास मोकळी जागा भरणें एवढेंच त्याचें काम; पण त्यावांचून जगभर असंख्य कामें कांहीं तास अडून पडलीं. १९९१ सालीं टिम बर्नर्स-ली यांनीं सर्न येथें जें पहिलें संकेतस्थळ मांडलें त्यांत मजकूर होता व दुवे होते. आज सरकणारीं चित्रें, उड्या मारणारे फलक, ‘कुकीज स्वीकारा’ म्हणून वाटेंत आडवी होणारी पाटी, यांशिवाय पान म्हणजे गिऱ्हाइकास उघडें पडल्यासारखें वाटतें. मग तें पान पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत, स्वस्तांतल्या मोबाइलवर, कसाबसा सिग्नल धरून बसलेल्या मुलाला उघडत नाहीं. तो मुलगा तक्रार करीत नाहीं. आपल्याच मोबाइलला दोष देतो. आम्हीं एकदां हा मुद्दा एका गिऱ्हाइकापुढें मांडला. तें म्हणालें, “तिकडून आपल्याला ऑर्डर कोठें येते?”

पुढच्या रविवारीं आम्हीं गुरुजींकडे जाऊन खरें सांगितलें. त्यांनीं वर न पाहतां एवढेंच विचारलें, “मग फॉन्टला उगाच बोल कां लावलास?” याला उत्तर नव्हतें. त्यांनीं तें मागितलेंहि नाहीं. “पुढचें पान काढ” म्हणाले.

आचारी परत आले, दऱ्या परत आल्या. पण ४१ नोंदी अशा राहिल्या कीं ज्यांत अक्षराच्या जागीं नुसता रिकामा चौकोन होता. जुन्या फॉन्टच्या त्या घरांत काय होतें याचा पुरावाच उरला नव्हता, आणि छापील प्रतीचीं नेमकीं तीं पानें वाळवीनें नेलेलीं. मग आमच्या रविवारच्या बैठका सुरू झाल्या. आम्ही अर्थ वाचावा, गुरुजींनीं डोळे मिटून ऐकावा. कधीं शब्द लागलीच येई, कधीं त्या शब्दाआधीं तो सांगणाऱ्या बाईची ओसरी येई, तिच्या हातचा चहा येई, आणि मग शब्द. त्यांची स्मृति हल्लीं विरळ होत चालली आहे. कधीं एकच गोष्ट ते दोनदां सांगत. आम्ही दोन्ही वेळां लिहून घेत असूं. ४० चौकोन याप्रमाणें भरले.

राहिला एक. दिव्यांत तेल घालण्याच्या लांब चोंचीच्या लहान तांब्याच्या भांड्याचें तें नांव आहे. शेवटीं ‘ळी’ आहे, आधींचें अक्षर गेलें आहे. गुरुजींना तें आठवेना. आम्हीं त्यांना रिक्षांत घालून तांबटांच्या वस्तींत नेलें. ज्या घरीं त्यांनीं तो शब्द टिपला होता तेथें आतां स्टीलचें दुकान आहे. दुकानदाराच्या आजोबांचें तें घर, पण त्याला शब्द माहीत नव्हता. त्यानें आम्हांस थंड पेय मात्र पाजलें. परततांना आम्हीं सुचविलें कीं, संदर्भावरून एक-दोन अक्षरें संभवतात, त्यांतलें एक घालूं या. गुरुजी म्हणाले, “तुझ्या यंत्रानें आचार्य घातला तोहि संदर्भांत बसतच होता.”

कोश आतां महाजालावर आहे. त्याचें कोणतेंहि पान ६० किलोबाइटांच्या वर नाहीं, त्यांत एकहि चित्र सरकत नाहीं, आणि ‘ऱ्य’ कोणत्याहि तऱ्हेनें टंकला तरी शब्द सांपडतो. आमच्या एका व्यवसायबंधूनें तो पाहून “हें १९९८ सालचें दिसतें” असा शेरा मारला. चौकोन आम्हीं तसाच ठेवला आहे, व पानाच्या तळाशीं आमचा पत्ता दिला आहे. गेल्या महिन्यांत सिन्नरहून एका बाईंचें पत्र आलें. त्यांनीं घरीं विचारून दोन शब्द पाठविले आहेत, एक आजीकडून व एक मावशीकडून. दोन्ही ‘ळी’ वरच संपतात, आणि आजी व मावशी यांचा त्यावरून वाद चालू आहे असें त्या लिहितात. येत्या रविवारीं तें पत्र घेऊन आम्ही गुरुजींकडे जाणार आहोंत.