मामीचं धाब्याचं घर आणि कॅमेऱ्यातला 'एम'

नशिराबाद पाहायला म्हणून सहसा कोणी निघत नाही. जळगावहून भुसावळकडे निघालं की दहा-अकरा किलोमीटरवर हे गाव लागतं. आगगाडीनं आलात तर भादली स्टेशन जवळ. झिपरूअण्णा महाराजांच्या समाधीला येणारे भाविक सोडले, तर बाकीचे महामार्गानं भुर्रकन पुढे जातात. हा रस्ता पूर्वी सहा नंबरचा होता, आता त्रेपन्न नंबरचा झाला म्हणे. आपल्याला काय, धूळ तीच!

माझं मात्र ते आजोळ. गावात आत शिरलं, की मामीचं धाब्याचं घर. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सऱ्या, त्यावर मातीचं सपाट धाबं, आणि स्वयंपाकघराच्या छताला उजेडासाठी ठेवलेलं भोक. मामी त्याला सानं म्हणते. चैत्रात बाहेर अंगाची काहिली होत असली तरी आत माठातल्यासारखा गारवा. या मार्चमध्ये मामेभावाचा फोन आला, "ताई, आखाजी झाली की घर पाडतोय. पाहून जा एकदा."

आता खानदेशातल्या लेकीला आखाजी म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. महिनाभर हाताशी होता. मुलानं नवा, आरसा नसलेला कॅमेरा घेतल्यापासून त्याचा जुना डीएसएलआर कपाटात पडून होता. तोच उचलला आणि गेले.

पहिल्या दिवशी सगळं कॅमेऱ्यावरच सोपवलं होतं. चाक 'ऑटो'वर. स्वयंपाकघरात मामीवर रोखला, तर टपकन फ्लॅश उघडला आणि लखकन उजेड. फोटोत मामी पिठात घोळल्यासारखी पांढरी आणि मागं काळोख. घर कुठेच नाही! ज्याच्यासाठी गेले तेच नाही म्हटल्यावर मी हिरमुसले. मुलगा म्हणाला, "आई, चाक 'एम'वर ने. मग फ्लॅश आपण होऊन उघडणार नाही. पण बाकी सगळं तुलाच करावं लागेल."

मैत्रिणींनो, हे 'सगळं' म्हणजे तीनच गोष्टी आहेत, घाबरू नका. आपल्याकडे नळाला पाणी येतं तेव्हा घागर भरायला काय बघतो? नळ किती मोठा सोडला आणि किती वेळ सोडला. भिंगाचं तोंड किती उघडायचं ते एफच्या आकड्यानं ठरतं, आणि किती वेळ उघडायचं ते शटरच्या आकड्यानं. गंमत एवढीच, की एफचा आकडा लहान तितकं तोंड मोठं. मला हे उलटं गणित पाठ व्हायला चार दिवस लागले. तिसरा आकडा आयएसओचा. पाहुणे वाढले की आपण दुधात पाणी घालतो ना, तसं ते. थोड्या उजेडात भागतं, पण साय जाते. फोटोत रवाळ ठिपके येतात.

घरी सराव केला तो देवघरापुढं. आयएसओ १६००, एफ ४ आणि शटर सेकंदाचा साठावा भाग. माणूस बसलेलं असेल तर एवढ्यात हात हलल्याचं दिसत नाही. कोपर पोटाशी घट्ट धरायचं आणि श्वास सोडता सोडता बटण दाबायचं. हे म्हणाले, "समईचे इतके फोटो कशाला?" मी सांगितलंच नाही.

दुसऱ्या खेपेला गेले तर धाब्यावर बिबड्यांचं वाळवण! भर दुपार, पांढऱ्या धोतरावर ओळीनं मांडलेल्या बिबड्या, मामी काठी घेऊन कावळे हाकलतेय. मी धडाधड चाळीस फोटो काढले. उन्हात मागच्या पडद्यावर काही दिसेना, पण म्हटलं आले असतील. जळगावला येऊन पाहते तर चाळीसच्या चाळीस कोरे कागद! आकडे स्वयंपाकघरातलेच राहिले होते. कॅमेऱ्याला दोष देऊन उपयोग नव्हता, त्याला मीच गप्प बसवलं होतं. म्हणून सांगते, उंबरा ओलांडला की आधी आयएसओ १०० वर आणा. आणि पडद्यावरचं चित्र उन्हात फसवतं, त्याच्याशेजारी येणारा आलेख बघा. त्याचा डोंगर उजव्या भिंतीला जाऊन चिकटला, की समजा फोटो जळाला.

तिसऱ्या खेपेला शहाणी झाले होते. एफ ८ ठेवला. वाळवणावर रोखल्यावर मीटर म्हणालं, शटर सेकंदाचा हजारावा भाग. ऐकलं, तर धोतर मळकं करडं! मीटर सगळ्या जगाला करडंच समजतं. पांढरं धोतर असो की काळी म्हैस. मग पाचशेवा भाग ठेवला, म्हणजे उजेड दुप्पट, तेव्हा कुठे धोतर धुतल्यासारखं आलं. म्हशीला याच्या उलट करायचं.

होमाई व्यारावाला आठवतात का? छायाचित्रांची बातमीदारी करणाऱ्या आपल्या देशातल्या पहिल्या बाई. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जात. आणि त्यांच्या कॅमेऱ्याला मागं पडदाही नव्हता, फिल्म धुतल्यावरच काय ते कळायचं. माझी चाळीस पानं कोरी गेली तरी फुकट होती.

जाता जाता एक: भिंग पदरानं पुसू नका, ओरखडे पडतात. आधी फुंकणीच्या रबरी चेंडूनं धूळ उडवा. आणि धाब्याखाली भिंग बदलू नका, वरून माती झडत असते.

जुन्या गॅझेटिअरात नशिराबादची ख्याती लिहिली आहे ती काचेच्या बांगड्यांसाठी. तेव्हाच्या भट्ट्या मामीनंही पाहिलेल्या नाहीत. पण मी हे बोलले तशी ती उठली, फडताळातून पत्र्याचा डबा काढला आणि सान्याखाली येऊन बसली. कागदात गुंडाळलेल्या डझनभर हिरव्या बांगड्या. मामा गेले त्या वर्षीच्या संक्रांतीला घेतलेल्या, भरायच्या राहून गेलेल्या. ती एकेक काढून उजेडात धरून पाहू लागली.

काळोख्या खोलीत मीटर जास्त उजेड मागतं, पण तेवढा दिला असता तर हात पांढरेफटक झाले असते. मी शटर साठाव्यावरून एकशेपंचविसाव्या भागावर नेलं. भिंती काळोखात राहिल्या, हात आणि काच तेवढी उजळली. मामीच्या लक्षातही आलं नाही.

दाखवला तेव्हा बराच वेळ बघत राहिली. "इतकी सुरकुतली वं मी?" म्हणाली. मग डबा बंद करून बोट दाखवलं, "आता त्या कोनाड्याचा काढ पोरी. तठी तुझ्या मामाचा रेडिओ राहे."

तिथं उजेड फारच कमी होता. चौकटीला खांदा टेकवला आणि शटर सेकंदाच्या पंधराव्या भागावर आणलं.