आधी ताट, मग तिकीट

हापूस खायला कोणी नोव्हेंबरात रत्नागिरी गाठत नाही. युरोपला जाताना मात्र आपण मुलांच्या सुट्टीचा महिना धरतो आणि तिथं त्या वेळी जे मिळेल ते खातो. मुलं मोठी झाली, सुट्ट्यांचं बंधन सुटलं, तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, या खेपेला आधी काय खायचं ते ठरवू, गावं मागून बघू. ठरलं ते असं: वायव्य इटलीतला पिएमाँते प्रांत, त्यातही आल्बाभोवतीच्या लांगेच्या टेकड्या, आणि महिना ऑक्टोबर.

ऑक्टोबरात तिथं दोन मोसम एकत्र येतात. नेब्बिओलो ही उशिरा पिकणारी द्राक्षं खुडली जातात आणि पांढरा ट्रफल बाजारात येतो. ट्रफल म्हणजे ओक, पॉप्लर अशा झाडांच्या मुळांशी जमिनीखाली वाढणारं कवक. शिकवलेली कुत्री ते हुंगून काढतात. डुकरांना नाक तितकंच असतं, पण ती मुळं उकरतात आणि ऐवज स्वतःच फस्त करतात, म्हणून इटलीत त्यांना या कामाला बंदी आहे.

टूरवाल्याने ‘रोम, व्हेनिस जोडून घ्या’ असा धोशा लावला होता. आम्ही नाही म्हटलं. तोरिनोपर्यंत विमान, तिथून आल्बा जेमतेम साठ किलोमीटर. मुक्काम एकाच ठिकाणी, आणि दिवसाची आखणी दुपारच्या जेवणाभोवती. तिथल्या खाणावळी साडेबाराला उघडतात, अडीचला स्वयंपाकघर बंद. चार वाजता भूक लागली तर कॉफी पिऊन संध्याकाळची वाट बघायची. साप्ताहिक सुट्टीचा वारही प्रत्येकाचा वेगळा. त्यामुळे टेबलं आम्ही पुण्यातूनच राखून ठेवली होती.

नवरा अंड्यापर्यंत येतो, त्यापुढे नाही. पिएमाँतेत हे अवघड आहे. बान्या काउदा हे भाज्या बुडवून खायचं लसणीचं गरम कालवण दिसायला शाकाहारी, पण त्यात अँचोव्ही मासे विरघळवलेले असतात. रिसोत्तो बहुधा मांसाच्या पाण्यात शिजतो. अस्सल पार्मेजानोतलं विरजण वासराच्या जठरातलं असतं. ते चालणार की नाही, हे ज्याचं त्यानं घरीच ठरवून निघावं. मग त्याच्यासाठी राहिला ताजारिन. केसासारखा बारीक पास्ता, किलोभर पिठाला तीस-चाळीस बलक घालून मळलेला, वर नुसतं लोणी. वाढपी ट्रफल घेऊन आला, काट्यावर तोलला, आमच्यासमोर त्याचे कागदासारखे काप पास्त्यावर पाडले, उरलेला पुन्हा तोलला आणि फरकाचे ग्रॅम बिलात लिहिले. पांढरा ट्रफल शिजवत नाहीत, उष्णतेनं त्याचा वास उडून जातो. हा वास म्हणजे लसूण, मुरलेलं चीज आणि ओली माती एकदम. नवऱ्यानं आधी नाक मुरडलं, मग माझ्या ताटातही काटा घातला.

वाइनसाठी बारोलोला गेलो. अकरा गावांच्या हद्दीतल्या नेब्बिओलोलाच हे नाव लावता येतं आणि किमान अडतीस महिने, त्यातले अठरा लाकडी पिंपात, मुरवल्याशिवाय ती विकता येत नाही. कोवळी बारोलो इतकी तुरट की जीभ आखडते. रिकाम्या पोटी पिऊन ‘आवडली नाही’ म्हणण्यात अर्थ नाही, ती ताटासोबतच पिण्याची चीज. रोजच्या जेवणाला तिथले लोकही बार्बेरा, दोल्चेत्तोच घेतात. नवशिक्यानं मोस्कातो द’आस्तीपासून सुरुवात करावी. गोडसर, बुडबुड्यांची, आणि अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपास.

द्राक्षमळ्यांत आधी कळवून जावं लागतं. चाखलेली वाइन बादलीत थुंकणं तिथं शिष्टाचारात बसतं. मला पहिल्या दिवशी ते काही केल्या जमेना. टेकड्यांवर बस अगदी मोजक्या आणि रविवारी तर विचारूच नका. तरी गाडी भाड्यानं घेतली नाही, टॅक्सी केली. चालकानं पिण्याची मर्यादा इटलीत कडक आहे आणि दोघांपैकी एकानं सगळी सहल पाणी पीत काढायची, हे मला पटत नाही.

आल्बात शनिवारी मोठा बाजार भरतो, तो दिवस मोकळा ठेवा. हेझलनटचा केक तिथं खा, चीज घ्या. ट्रफल ऑइलच्या बाटल्या दुकानादुकानांत खुणावतात. बहुतेकींत कृत्रिम वास घातलेला असतो. त्या आणू नका. तेच पैसे ताटावरच्या चार ग्रॅम ताज्या ट्रफलला द्या.