बल्लवाचार्य हरतो तेव्हा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या कल्पित पात्रांच्या खेळात लढाईच्या नियमांची पानंच्या पानं आहेत. पाककलेच्या स्पर्धेला तसं काही नाही. डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून मी राजवाड्यातली स्पर्धा रचली आणि सगळा भार एका फाशावर टाकला. वीस बाजूंचा फासा टाका, कौशल्याचा बोनस मिळवा, मोठा आकडा जिंकला.

आमच्या एका मैत्रिणीचं पात्र खानसाम्याचं होतं, बोनस पाच. समोर माझा रांगडा सरदार, बोनस शून्य. कागदावर सामना एकतर्फी. पण या फाशावर एक काय नि वीस काय, सारखेच पडतात. शून्यवालाही अशा सामन्यात चारांतला एखादा डाव मारून नेतो. तिला चार पडले, सरदाराला सतरा. त्यावर कडी म्हणजे मी जाहीर केलं, “तुझी खीर करपली.” ती म्हणाली, “अरे, जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाईची खीर करपेल कशी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाकीची मंडळी तोवर मोबाइलमध्ये शिरली होती, कारण त्यांना करण्यासारखं मी काही ठेवलंच नव्हतं.

त्यांच्यातल्या जादूगाराने तेवढ्यात प्रेस्टिडिजिटेशन काढलं. या किरकोळ मंत्राने पदार्थाची चव बदलता येते. माझा बेत फिसकटेल म्हणून मी सरळ नाही म्हटलं. हे तर निव्वळ दांडगाईचं झालं. त्या मंत्राची चव तासभरच टिकते. परीक्षक दोन तासांनी जेवायला बसणार एवढं सांगितलं असतं, तरी मंत्र नेमका कधी टाकायचा याचा डाव रंगला असता.

पुढच्या स्पर्धेच्या वेळी मी खेळाच्या चौथ्या आवृत्तीतली जुनी पद्धत उचलली: तीनदा चुकण्याआधी ठरावीक वेळा यश मिळवायचं. एकाने बाजारातून केशर पैदा करायचं, दुसऱ्याने नोकरांकडून परीक्षकांच्या आवडीनिवडी काढून घ्यायच्या, खानसाम्याने चूल सांभाळायची. फासा उलटा पडला, तर लाकडं ओली निघायची किंवा केशर सरदाराने आधीच उचललेलं असायचं. खानसाम्याच्या हाताला मी बोल लावला नाही.

लाकडं ओली निघाली तेव्हा मी विचारलं, “आच मंद आहे, वाढायची वेळ झालीय. काय करतेस?” तिने खीर रद्द केली आणि श्रीखंड वाढलं. आंबटगोड आवडणारी एक परीक्षक होतीच. ती खबर नोकरांकडून आधीच काढलेली होती. त्या पानासाठी मी फासा मागितलाच नाही.