एका रात्रीची मैफल

पहाटे साडेचारला फोन वाजला की आमच्या घरात तो चटकन कोणी उचलत नाही. अशा वेळी येणारी बातमी बहुधा एकाच प्रकारची असते आणि ती जितकी उशिरा कळेल तितके बरे, असे प्रत्येकाला वाटत असते. ११ डिसेंबर २००७ च्या पहाटे असाच फोन वाजला. आई अंथरुणात उठून बसली. मी फोन कानाला लावला. पलीकडे लंडनला असलेला माझा बालमित्र होता आणि त्याचा गळा दाटून आला होता.

"आत्ताच संपलं रे," तो म्हणाला, "लोक बाहेर पडताहेत."

"कोण गेलं?" आईने अंधारातूनच विचारले.

"कोणी नाही," मी म्हटले, "गाणं संपलं."

आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी अजून विसरलेलो नाही.

‘लेड झेपेलिन’ हे नाव या अंकाच्या साऱ्याच वाचकांच्या परिचयाचे असेल असे नाही. १९६८ साली इंग्लंडात चार तरुणांनी काढलेला हा रॉक बँड. रॉबर्ट प्लँट गायचा, जिमी पेज गिटार वाजवायचा, जॉन पॉल जोन्स बेस आणि कीबोर्ड सांभाळायचा आणि जॉन बॉनम ड्रम बडवायचा. बडवायचा हाच शब्द योग्य. पण त्या बडवण्यात असा काही डौल होता की ऐकणाऱ्याची छाती आपोआप ठेका धरी. २५ सप्टेंबर १९८० रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, हा बॉनम वारला. एखाद्या फडाचा ढोलकीवाला गेला तर चार दिवस हळहळ होते आणि पाचव्या दिवशी दुसरा उभा राहतो. या तिघांनी तसे केले नाही. ४ डिसेंबर १९८० रोजी त्यांनी जाहीर केले, की आता आम्ही पूर्वीसारखे चालू शकत नाही. झाले, फड मोडला.

म्हणजे आम्ही ज्या मंडळींवर जीव टाकला, ती मंडळी आम्ही जेमतेम चालायला लागलो त्या सुमारास पांगलीदेखील होती! आम्ही तिघे मिरजेचे. ज्या गावात दारोदार तंबोऱ्याचे भोपळे दिसतात आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचे नाव घेताना लोक कानाच्या पाळीला हात लावतात, त्या गावात आम्ही हे वेड लावून घेतले. आमच्यातल्या तिसऱ्याचे मामा मुंबईला होते. त्यांच्याकडून कॅसेटी येत. सतारमेकर गल्लीजवळच्या त्याच्या घरी, माडीवर, आम्ही त्या झिजेपर्यंत ऐकत असू. माझे इंग्रजी दहावीपुरते. निम्मे शब्द कळत नसत. ‘काश्मीर’ नावाचे त्यांचे गाणे मोरोक्कोच्या वाळवंटातून मोटारीने जाताना सुचलेले आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. आम्ही आपले डोळे मिटून दल सरोवर पाहत होतो. पेज आणि प्लँट १९७२ साली मुंबईला येऊन, इथल्या वादकांना साथीला घेऊन दोन गाणी ध्वनिमुद्रित करून गेले होते, हेही तेव्हा ठाऊक नव्हते. ते मुद्रण २०१५ साली बाहेर आले. ठाऊक असते तर शेजारच्या सतार करणाऱ्या चाचांना ऐकवले असते. ते भिंतीवर थाप मारून ओरडत, "अरे, तार लावून तरी वाजवा म्हणावं त्याला!" आणि काकू जिन्याखालून हाक मारीत, "आवाज कमी करा रे, नाहीतर चहा मिळायचा नाही!" आमचा तिसरा मात्र कोणाचे ऐकत नसे. त्याच्या मांडीवर एक पत्र्याचा डबा असे आणि तो बॉनमच्या बरोबरीने त्या डब्यावर तुटून पडलेला असे.

२००१ साली सांगलीच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. बावीस वर्षांचा होता.

त्यानंतर सहा वर्षांनी बातमी आली, की झेपेलिन पुन्हा एकत्र येणार. त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या अटलांटिक कंपनीचे संस्थापक अहमत एर्टेगन २००६ च्या डिसेंबरात वारले होते. त्यांच्या स्मरणार्थ लंडनच्या ओटू अरीनात एकच कार्यक्रम व्हायचा होता. जागा वीस हजारांच्या आसपास आणि तिकिटांसाठी मागण्या आल्या दोन कोटी! शेवटी चिठ्ठ्या टाकाव्या तशी सोडत काढली. तिकीट १२५ पौंडांचे. पण बीबीसीने एका धर्मादाय निधीसाठी केलेल्या लिलावात एका चाहत्याने तिकिटांच्या जोडीला ८३,००० पौंड मोजले. मध्येच पेजचे बोट मोडले आणि २६ नोव्हेंबरचा कार्यक्रम १० डिसेंबरवर गेला. साऱ्या जगातले चाहते त्या एका बोटाची चौकशी करीत होते.

माझ्या मित्राने अर्ज केला होता. नंबर लागला नाही. तरी तो सोमवारी कचेरी सुटल्यावर तिकडे गेलाच. त्या प्रचंड तंबूत हॉटेले आहेत; तिथवर तिकिटाशिवाय जाता येते. कॉफीचा एक पेला घेऊन तो बंद दारांच्या जवळ दोन तास उभा राहिला. भिंतीतून सूर येत नव्हते, शब्द येत नव्हते. नुसता ठेका येत होता. मग दारे उघडली. पांढऱ्या केसांची माणसे, त्यांची तरणी मुले, दूरदूरच्या देशांतून आलेले लोक लोंढ्याने बाहेर पडले. कोणी हसत होते, कोणी रडत होते, अनोळखी माणसे एकमेकांना मिठ्या मारीत होती. एक साठीचा गृहस्थ मुलाच्या खांद्यावर हात ठेवून पुन्हा पुन्हा एकच सांगत होता: पोराने बापाची जागा राखली.

"त्याचा मुलगा वाजवत होता रे," मित्र फोनवर म्हणाला. मग आम्ही दोघेही गप्प झालो. बोलायचे काय होते ते दोघांनाही ठाऊक होते. ते नाव कोणीच काढले नाही.

बॉनमचा मुलगा जेसन तेव्हा ४१ वर्षांचा होता. बाप गेला तेव्हा १४ वर्षांचा. झेपेलिनच्या १९७६ च्या चित्रपटात हा चिमुरडा ड्रमपुढे बसलेला दिसतो. पूर्वीही ही मंडळी जाहीरपणे एकत्र आली होती. १९८५ साली फिलाडेल्फियात उसने ड्रमवाले घेऊन ती उभी राहिली आणि ते इतके फसले, की पुढे त्याचे चित्रण प्रसिद्ध करू द्यायलाही त्यांनी नकार दिला. १९८८ साली न्यूयॉर्कला जेसन बापाच्या जागी बसला. पण ती खेप मोजक्या गाण्यांची आणि फारशी न रंगलेली. २००७ साली मात्र त्यांनी सोळा गाणी म्हटली आणि जग तृप्त झाले.

तृप्त? छे! चाहत्याची तृप्ती म्हणजे दुसऱ्या दिवसाची भूक. सकाळ होताच जगभर एकच ओरड सुरू झाली: आता दौरा काढा, आमच्या गावी या. प्लँटने मानले नाही. तो ॲलिसन क्राउस या गायिकेबरोबर आपली दुसरीच गाणी गात निघून गेला. उरलेल्या तिघांनी दुसरे गायक आजमावून पाहिले आणि २००९ च्या आरंभी तो नाद सोडला. चाहत्यांनी प्लँटला हट्टी म्हटले, कृतघ्न म्हटले. मीही म्हटले. मी तर मनात त्याच्याशी भांडत असे: बाबा रे, दोन कोटी माणसे हात जोडून उभी आहेत, तुझे काय जाते?

या मैफलीचे चित्रण २०१२ साली प्रसिद्ध झाले. २०१३ च्या दिवाळीत मित्र त्याची तबकडी घेऊन गावी आला आणि म्हणाला, "हे त्याच्या घरी बघायचं." माझ्या पोटात गोळा आला. मित्र परदेशी गेला होता, त्याला निमित्त होते. मी चार गल्ल्या पलीकडे राहत होतो आणि बारा वर्षे त्या दारावरून जायचे टाळीत होतो. शाळेला जायची माझी वाट ती. मी मार्केटावरून वळसा घालून जात असे. मुलांना धीटपणाचे धडे शिकवणाऱ्या मास्तरची ही गोष्ट.

काकूंनी दार उघडले, दोघांकडे पाहिले आणि "या," एवढेच म्हणाल्या. चकल्या, चिवडा पुढे आला. आम्ही तबकडी लावली. काकू दाराशी उभ्या राहून पाहू लागल्या.

"हे म्हातारे कोण?"

"हेच ते, काकू. ज्यांच्यापायी तुम्ही आमचा चहा बंद करायचात."

"आणि मागे बसलाय तो? तो यांच्या वयाचा नाही."

"यांच्यातला जो गेला, त्याचा मुलगा आहे तो."

काकू काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी जवळ बसल्या. "बाप गेला तेव्हा केवढा होता?" त्यांनी विचारले. "चौदा वर्षांचा," मी म्हटले. पुढे शेवटपर्यंत त्यांनी गाणाऱ्याकडे पाहिले नाही, गिटारवाल्याकडे पाहिले नाही. एका त्या मुलाकडे पाहिले.

संपल्यावर त्यांनी आम्हाला आणखी चकल्या वाढल्या आणि डब्याचे झाकण लावता लावता त्यावरून हात फिरवला. झाकण पोचे पडून खडबडीत झाले होते. मी ते ओळखले.

"इतकी वर्षं का आला नाहीत रे?"

आम्हाला उत्तर देता आले नाही.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. निघताना मित्र घाईघाईने बोलला, की पुढल्या दिवाळीत पुन्हा येऊ, पुन्हा असेच बसून पाहू. काकूंनी मान हलवली. "तुम्ही केव्हाही या. ते मात्र पुन्हा नको लावायला. एकदा पाहिलं, पुरे झालं."

प्लँटवरचा माझा राग त्या संध्याकाळी गेला. त्याच्या मनात काय होते, हे सांगणारा मी कोण? पण ती रिकामी जागा एकदा सर्वांनी मिळून, डोळे उघडे ठेवून पाहिली होती. गावोगाव दाखवीत फिरावी अशी ती वस्तू नव्हे, एवढे मला त्या घरात कळले. तबकडी मित्राने माझ्याकडेच ठेवली आहे. ती पुन्हा लावलेली नाही. शाळेला जाताना मात्र आता मी सतारमेकर गल्लीवरूनच जातो.

आणि एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. त्या पहाटे आईने अंधारातून सरळ प्रश्न विचारला होता: कोण गेलं? मी म्हटले, कोणी नाही. ते खरे नव्हते.