गंगाखेडचा मुक्काम

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या माणसाला गंगाखेड लागते ते बहुधा डुलकीत. आगगाडी गोदावरीच्या पुलावर खडखडू लागली की डब्यातली म्हातारी माणसे जागी होतात, खिडकीतून पाण्यात नाणे टाकतात, हात जोडतात आणि पुन्हा डोळे मिटतात. या मुलखात गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस बाहेरचा समजावा. इथे ती गंगा. तिच्या दक्षिण तीरावर हे गाव. भाविक त्याला दक्षिणकाशी म्हणतात. पैठणलाही तसेच म्हणतात. पण काश्या दोन झाल्याने कोणाचे पुण्य उणे होत असेल असे मला वाटत नाही.

आम्हांलाही गंगाखेड ओलांडूनच जावयाचे होते. २०२४ च्या नोव्हेंबरअखेरची गोष्ट. माझे एक सहकारी पदार्थविज्ञान शिकवितात. गृहस्थ मोठे हौशी. शाळेच्या मुलांची ने-आण करून थकलेली एक छोटी बस त्यांनी विकत घेतली, आतली बाके काढली, चार माणसांना निजता येईल अशा फळ्या बसविल्या, एका कोपऱ्यात गॅसची शेगडी मांडली, छपरावर पाण्याची टाकी चढविली आणि तिचे घर केले. अशा गाड्यांना हल्ली कॅराव्हॅन म्हणतात. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने त्यांच्यासाठी पर्यटनाचे स्वतंत्र धोरणही जाहीर केले. आमच्या गाडीचा थाट मात्र धोरणात बसण्याजोगा नव्हता. आम्ही दोघे आणि आमच्या सौभाग्यवती असे चौघे तीत बसून पैठणपासून नांदेडपर्यंतचा गोदाकाठ पाहावयास निघालो. नाथसागर झाला, राक्षसभुवन झाले, गंगामसल्याचा गणपती झाला, नदीच्या पात्रात उभे असलेले मुद्गलेश्वराचे देऊळ झाले, आणि गंगाखेड गाठून परळीच्या रस्त्याला लागतो न लागतो तोच गाडीने मान टाकली. इंजिन गुरगुरते आहे, पण चाके हलावयास तयार नाहीत.

जवळच एका कडुलिंबाखाली दुरुस्तीचे आवार होते. चार माणसांनी ढकलून गाडी तेथे नेली. मिस्त्री गाडीखाली सरकले, पाच मिनिटांनी काळे होऊन बाहेर आले आणि शांतपणे म्हणाले, "क्लचप्लेट जळाली साहेब. माल नांदेडहून यायचा. उद्या आला तर उद्या, नाही तर परवा." आमचे पदार्थविज्ञान यावर अस्वस्थ झाले. तेव्हा मिस्त्रींनी हात पुसत समजूत घातली, "फिकीर कशाला करायलाव? घर तर संगंच हाय तुमच्या." १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाचा होता, त्या राज्यातले बाकी काय उरले असेल ते असो, बोलीतली ही फिकीर आणि आराम मात्र उरले आहेत.

आवारात घर बरोबर असलेले आम्ही एकटेच नव्हतो. पलीकडे एक ट्रॅक्टर उभा होता, त्याच्या मागचा डोलारा उघडलेला. क्राउन-पिनियनचे दात तुटले होते. त्याला जोडलेल्या दोन ट्रॉल्यांत संसार भरला होता : बांबू, ताडपत्र्या, लोखंडी पेट्या, पिठाची पोती, पाण्याची पिंपे, एका पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, दोन शेळ्या आणि या सगळ्यावर, मिळेल त्या खाचेत बसलेली माणसे. ही ऊसतोडीची टोळी. बालाघाटच्या डोंगरातल्या एका गावाहून निघाली होती ती कराडकडच्या एका कारखान्यासाठी. साडेतीनशे किलोमीटरांच्या वरचा पल्ला, आणि पहिल्या पंचवीसांतच खोळंबा. त्या वर्षी विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. त्यासाठी ही मंडळी गावी थांबली होती, त्यामुळे आधीच उशीर झालेला.

संध्याकाळी त्यांतली एक बाई, कडेवर वर्षाचे मूल, आमच्या गाडीशी आली. आतल्या फळ्या, शेगडी, टांगलेल्या पिशव्या तिने नीट न्याहाळल्या आणि आमच्या सौ.ला विचारले, "बाई, तुम्ही कोन्त्या कारखान्याला निघालाव?"

प्रश्नात थट्टा नव्हती. थंडीच्या तोंडावर चाकांवर संसार घालून निघालेली माणसे तिने आजवर एकाच कामासाठी जाताना पाहिली होती. सौ.ने आपण नुसते फिरावयास निघालो आहोत असे सांगितले. "फिरायला," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "बरं हाय की."

मी वीस वर्षे मराठी शिकवितो; पण त्या तीन दिवसांत जे शब्द ऐकले ते माझ्या कोणत्याच वर्गात कधी आले नव्हते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. हत्याराचे नाव माणसाला लागते हे तलवारीच्या बाबतीत आपण कौतुकाने वाचतो. इथे निम्मे हत्यारही माणसाचे नाव होते. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम ती ‘उचल’. ती लग्नात, दवाखान्यात, बियाण्यात केव्हाच खर्चून गेलेली असते, आणि मग पुढचे पाच महिने ती फेडावयाची. आजारपणाने कामावर गेले नाही तर तो ‘खाडा’, आणि त्याचे पैसे मजुराच्याच अंगावर. २०२४ च्या जानेवारीत झालेल्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. तरीही टनाचे साडेतीनशेच्या थोडे वर. एका कोयत्याने पहाटेपासून अंधारापर्यंत राबावे तेव्हा दोन टनांच्या आसपास ऊस पडतो. हा हिशेब लक्षात घेतला म्हणजे कडुलिंबाखालच्या एकेका दिवसाची किंमत कळते. आमचा दिवस गेला तर नांदेडचा मुक्काम तेवढा आखडत होता. त्यांच्या दिवसामागे प्रत्येक कोयत्याची फेड लांबत होती, आणि फडावर पहिल्या आठवड्याला म्हणून आणलेले पीठ गंगाखेडातच संपत होते.

मुकादमाला राक्षस ठरवून मोकळे व्हावे असे मनात आले होते. पण तो दिवसभर फोन कानाला लावून बसलेला. ट्रॅक्टरचे हप्ते थकलेले, कारखान्याशी केलेल्या कराराची मुदत टळत चाललेली. दुपारी त्याने भाकरी घेतली ती हातातच राहिली. साखळी लांब आहे आणि तिची कडी कडीत अडकलेली आहे.

रात्री थंडीने आपले रूप दाखविले. पत्र्याचे घर दिसावयास छान. पण पत्रा गार पडला की चौघांच्या श्वासांची वाफ छताला जमते आणि पहाटे टपटप अंगावर गळते. ट्रॉलीतली माणसे आमच्यापेक्षा उबेत होती. खाली ज्वारीचा कडबा, वर जुन्या लुगड्यांच्या वाकळा. आम्ही शेकोटीला कुडकुडत आलेले पाहून एका म्हाताऱ्याने न विचारता चार पेंढ्या आणून दिल्या. "खाली टाका. वरून कितीबी पांघरलं तरी गार खालून येतं." त्या पेंढ्यांवर आम्ही खरोखर झोपलो.

दुसऱ्या दिवशी गावात गेलो. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. तिचे मंदिर येथे आहे. परंपरा सांगते की आईबापांनी तिला लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी ठेवले, आणि नामदेवाच्या त्या घरी तिने जन्मभर काम केले. दळणकांडणाचे अभंग मी दर वर्षी शिकवितो. विठ्ठल तिच्या जात्याला हात लावतो ही कल्पना मुलांना आवडते. देवळातून घाटावर आलो. पाणी संथ, पायऱ्यांवर कोणी पिंडदानाला बसलेले, कोणी चादरी आपटीत होते. तेथे प्रथमच माझ्या मनात आले की या अभंगांच्या आधी एक प्रवास आहे आणि त्याविषयी मी वर्गात कधी बोललो नाही : या घाटाच्या गावातून एक पोर कामासाठी दूर गेली. कराडच्या टोळीचा रस्ता पंढरपुरावरूनच जातो.

टोळीतही एक मुलगी होती, सहावीतली. त्याच बाईची थोरली. मराठीचे पाठ्यपुस्तक पिठाच्या पोत्यावर ठेवून वाचत बसे. आमच्या सौ. शाळेत शिक्षिका, त्यांनी तिच्या आईला हंगामी वसतिगृहाविषयी विचारले. मजूर बाहेर गेले की मागे राहिलेल्या मुलांना गावच्या शाळेतच जेवण मिळावे, आजी-आजोबांजवळ राहून शाळा चालावी, अशी ती योजना. बाईला ती ठाऊक होती. "हाय की. पन फडात ह्याला कोन धरील?" कडेवरच्या मुलाकडे पाहून ती म्हणाली. यावर सौ.पाशी उत्तर नव्हते. ऊस तोडणाऱ्या आईला दुसरा हात हवा असतो, आणि तो थोरल्या लेकीचा असतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीचे आजोबा बसने आले. ट्रॅक्टर बंद पडल्याची बातमी गावात पोहोचली होती. म्हाताऱ्याने डोक्यावरून पिठाची गोणी आणली होती. आई आणि आजोबा लिंबाच्या पाराशी बराच वेळ हलक्या आवाजात बोलत होते. मुलगी पुस्तक मिटून बसली होती. मग आईने उठून पेटीतून तिचे दोन परकर काढले, पिशवीत भरले, आणि काही न बोलता पिशवी सासऱ्याच्या हातात दिली. बस गेल्यावर ती सौ.जवळ येऊन बसली. "गाडी नीट चालली असती तर एव्हाना पार कराडाला असती ती," एवढेच म्हणाली. धाकट्याचे काय, हे कोणी विचारले नाही. तिने दुपारभर जुन्या लुगड्याची झोळी शिवली.

त्यांचा सामान त्या संध्याकाळी आला. मिस्त्री आणि दोन पोरे बॅटरीच्या उजेडात दहापर्यंत खपली. कार्तिक वद्याची रात्र, चंद्र नाही, आभाळ ताऱ्यांनी खच्चून भरलेले. ट्रॅक्टर सुरू होताच कोणीतरी टेप लावला, कोंबड्या ओरडल्या, शेळ्या ओढून वर घेतल्या. आम्ही कडबा परत द्यावयास निघालो तेव्हा बाईने वरूनच हात हलविला. "ऱ्हाऊ द्या तुम्हाला. तुमची गाडी कवा व्हायची अजून!"

ट्रॉल्यांचे लाल दिवे परळीच्या चढाला लागेपर्यंत दिसत होते. आमची क्लचप्लेट दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीने आली.