कॉपी पुरवणारी बाई



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. दोनतीन जणांनी विचारलं, "बाई, तब्येत बरी आहे ना?" माझी बरी आहे. यांची बिघडली आहे, आणि ती बिघडली आहे हे कळायलाच आम्हाला दोन वर्षं लागली. त्यातला बराचसा काळ माझ्यामुळे गेला. तेच सांगायला आज बसले आहे. नातेवाईक मंडळीही हे वाचतात, तेव्हा एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच सांगते. यांना विचारूनच लिहिते आहे.

माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांना आठवत असेल, परीक्षेच्या वेळी माझं सुपरव्हिजन म्हणजे पोरांच्या पोटात गोळा. मोज्यातल्या चिठ्ठ्या, पट्टीवरची सूत्रं, सगळं पकडलं. "बाई, एक मार्क!" म्हणून रडणाऱ्यालाही कधी शब्द सुचवला नाही. तीच मी गेली दोन वर्षं घरात बसून एका माणसाला कॉपी पुरवत होते, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता!

झालं असं. आमचे हे सहकारी बँकेत कॅशियर होते. आकडा म्हणजे यांचा श्वास. दुधाचा, पेपरचा, वाण्याचा हिशेब महिनाअखेरीला वहीत उतरवलेला असायचाच. एका महिन्यात दूधवाल्याला दोनदा पैसे दिले. मी म्हटलं, होतं असं. मग एकदा मंडईतून यायला दीड तास लागला. घराजवळचं वळण सापडेना म्हणाले. मी म्हटलं, ऊन लागलं असेल. कुणी घरी आलं की मी दारातूनच मोठ्याने म्हणायची, "अहो, हे बघा कोण आलंय, नाशिकच्या आत्यांचा धाकटा!" पाहुण्याला वाटायचं काय अगत्य आहे! खरं तर ती चिठ्ठी होती. आमच्या वन्संनी एकदा विचारलंही, "वहिनी, दादा तेच तेच विचारतो का गं?" मी ठसक्यात म्हटलं, "सत्त्याहत्तर वर्षं झाली त्यांना. तुमचं तरी सगळं लक्षात राहतं का?" वन्सं, तुम्ही वाचत असाल तर माफ करा. तुम्हाला दिसलं होतं. मलाही दिसलं होतं.

शेवटी लेकीनेच पुण्याला न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतली आणि साताऱ्याहून आम्ही दोघं गेलो. मला वाटलं होतं, एखादं मशीन असेल, डोक्याचा फोटो काढतील आणि आजार आहे की नाही ते सांगतील. तसं काही नसतं. पहिला पाऊण तास तर नुसतं बोलणंच.

डॉक्टर मुलीच्याच वयाच्या. त्यांनी आधी यांच्याशी गप्पा मारल्या. काल रात्री काय जेवलात, घरात कोण कोण, सध्या बातम्यांत काय चाललंय. प्रश्न यांना, आणि यांची मान माझ्याकडे. मी ओठ हलवले. "पिठलं..." एवढंच. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी टिपलं आणि मला अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "काकू, तुम्ही जरा यांच्या मागच्या खुर्चीवर बसता का?"

मंडळी, आयुष्यात पहिल्यांदा मला सुपरव्हायझरने उठवून मागच्या बाकावर बसवलं.

नंतर त्यांनीच समजावलं. ही मान वळवणं हेसुद्धा एक लक्षण म्हणून डॉक्टर बघतात. साध्या प्रश्नाला माणूस उत्तरासाठी पुन्हा पुन्हा जोडीदाराकडे बघू लागला, तर आठवणीचं काम त्याने दुसऱ्याकडे सोपवलं आहे असं समजायचं. मी काय ठोस पुरावा नाही, पण इशारा नक्की.

मग लेखी-तोंडी परीक्षा. अशा बऱ्याच आहेत. १९७५ सालची एमएमएसई सगळ्यांत प्रसिद्ध, २००५ साली मॉन्ट्रियलहून मोका नावाची आली. दोन्ही तीस गुणांच्या. ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांच्यावर अन्याय नको म्हणून हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांतल्या अभ्यासासाठी एमएमएसईचं हिंदी रूपही केलं गेलं. मोकात तर कमी शिकलेल्याला एक गुण जास्तीचा देतात. ग्रेस मार्क! हे ऐकून मला फार बरं वाटलं. प्रश्न मात्र इथे सांगत नाही. पेपर फुटायला नको. शिवाय घरी पाठांतर करून घेऊन नेलंत तर नुकसान आपल्याच माणसाचं.

एवढंच सांगते, की शंभरातून सात सात वजा करत जा म्हटल्यावर यांनी ९३, ८६, ७९, ७२, ६५ असं धाडधाड सांगितलं. डॉक्टर लिहीपर्यंत पुढे गेले. माझी छाती फुगली. म्हटलं, बघा! मग मघाशी ऐकवलेले पाच शब्द विचारले. एकही नाही. डॉक्टरांनी इशारा दिला, त्यातला एक रंग होता बरं का. हे हसले आणि म्हणाले, "तुम्ही मला शब्द कधी सांगितले?"

तिथे मात्र माझ्यातली शिक्षिका जागी झाली. वर्गात दोन प्रकारची मुलं असतात. एकाला उत्तर येत असतं पण ऐन वेळी सुचत नाही. त्याला पहिलं अक्षर सांगितलं की गाडी सुटते. दुसऱ्याच्या पाटीवर ते कधी उमटलेलंच नसतं, त्याला कितीही इशारे द्या. म्हातारपणी आपण सगळे पहिल्या मुलासारखे होतो. नाव आठवत नाही आणि अंघोळ करताना आठवतं. हे मात्र दुसऱ्या बाकावर जाऊन बसले होते. जुनं सगळं शाबूत, नवं पाटीवर उमटतच नव्हतं.

तीसपैकी एकोणीस. मी लगेच विचारलं, "म्हणजे नापास?" त्या म्हणाल्या, "काकू, नुसत्या गुणांवर मी काहीच ठरवत नाही. खरा पेपर आता तुमचा आहे." यांना बाहेर लेकीजवळ बसवलं आणि मला विचारायला लागल्या. दहा वर्षांपूर्वीच्या यांच्याशी आजच्या यांची तुलना करा. पैशाचे व्यवहार? वस्तू ठेवलेल्या जागा? नुकतंच झालेलं बोलणं? नवं यंत्र शिकणं? स्वभाव? सुरुवात कशी झाली, अचानक की हळूहळू? मी पहिल्या दोन प्रश्नांना "तसं ठीकच" म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही झाकलंत तर मला दिसणार नाही."

मग मी सगळं सांगितलं. दूधवाला, मंडई, पावडर न घातलेला चहा, गोळ्यांचे डबे, दारातल्या चिठ्ठ्या. सांगताना असं वाटत होतं, की मी यांची चहाडी करते आहे. पण निदानाचा अर्धा भाग तोच असतो. विसरणं किती, यापेक्षा त्या विसरण्याने रोजचे व्यवहार अडतात का, हा खरा प्रश्न. परीक्षेत कमी गुण, पण व्यवहार आपले आपण चालतात, तर त्याला माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट असं लांबलचक नाव आहे. व्यवहारात दुसऱ्याचा आधार लागू लागला की डिमेन्शिया, स्मृतिभ्रंश. आणि यांना आधार किती लागतो हे जगात एकट्या मलाच ठाऊक होतं, कारण तो आधार मीच होते.

तरीही त्यांनी निदान सांगितलं नाही. आधी, भरून निघू शकणाऱ्या गोष्टी शोधायच्या म्हणाल्या. थायरॉईड, बी-१२, सोडियम, साखर, किडनी, लिव्हर. ऐकू येतं का? (ऐकलंच नाही तर आठवणार काय!) मन उदास आहे का? त्यानेही माणूस असाच हरवल्यासारखा होतो. घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीसकट मागवल्या. त्यात सर्दीसाठीची एक निघाली, ती म्हातारपणी डोकं गढूळ करते म्हणून बंद केली. एमआरआय केला तो गाठ, जुन्या पडण्याने साठलेलं रक्त, मेंदूत तुंबलेलं पाणी, लहान लहान झटक्यांच्या खुणा, हे काही नाही ना बघायला. आणखी एक त्यांनी बजावलं, ते तुम्हीही लक्षात ठेवा. चांगला माणूस एकदोन दिवसांत अचानक बरळायला लागला तर तो डिमेन्शिया समजून घरी बसू नका. लघवीचा संसर्ग, क्षार कमी होणं असलं काही असू शकतं. लगेच दवाखाना गाठायचा.

यांचं बी-१२ बरंच कमी निघालं. खोटं कशाला सांगू, मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. इंजेक्शनं सुरू झाली, कानाला यंत्र आलं. मी रोज वाट बघायची. थोडी तरतरी आली, टीव्हीचा आवाज कमी झाला, पण "आज वार कोणता?" सकाळपासून पाच वेळा होतंच. तीन महिन्यांनी पुन्हा परीक्षा, प्रश्नपत्रिकेचा दुसरा संच. वीस गुण. एक गुण वाढला म्हणून मी हरखले. डॉक्टर म्हणाल्या, एका गुणाला अर्थ नाही, आणि ते शब्द अजूनही एकही येत नाहीत. एमआरआयमध्ये आठवण साठवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आक्रसलेला दिसला होता. दोन वर्षांत हळूहळू वाढत गेलेला त्रास, त्याचा नमुना, माझी साक्ष, तपासण्या, सगळं एकत्र ठेवून त्या म्हणाल्या, बहुधा अल्झायमर, सुरुवातीची अवस्था. "बहुधा" हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला. पूर्वी पक्की खात्री मृत्यूनंतर मेंदू तपासूनच व्हायची. आता पेट स्कॅन आणि पाठीतलं पाणी यांवरून बरंच कळतं, आणि मे २०२५ मध्ये अमेरिकेत यासाठीच्या पहिल्या रक्ततपासणीला मंजुरी मिळाली. पण तीही लक्षणं असलेल्यांसाठीच, आणि डॉक्टरांच्या तपासणीच्या जोडीने.

सांगण्याआधी त्यांनी यांनाच विचारलं, "काका, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" हे म्हणाले, "शिल्लक किती आहे तेवढं सांगा." कॅशियर तो कॅशियरच! मला हसूही आलं आणि रडूही.

त्या रात्री मी वाचत बसले. १९०१ साली जर्मनीत फ्रांकफुर्टला अलोइस अल्झायमर नावाच्या डॉक्टरांपुढे ऑगस्टे नावाची एक्कावन्न वर्षांची बाई बसली होती. त्यांनीही असेच साधे प्रश्न विचारून उत्तरं लिहून ठेवली. तुझं नाव काय? ऑगस्टे. नवऱ्याचं नाव काय? तरीही ऑगस्टे. १९०६ मध्ये ती गेली, त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, आणि १९१० मध्ये त्या आजाराला त्यांचं नाव मिळालं. मी मात्र विचार करत होते तिच्या नवऱ्याचा. बायकोला डॉक्टरांकडे न्यायचं ठरवायला त्यालाही किती दिवस लागले असतील?

आपल्याकडे "साठी बुद्धी नाठी" म्हणून विषय मिटवतात. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्यांत साधारण ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. म्हणजे शंभरातल्या ब्याण्णव जणांना तो नाही. म्हातारपण म्हणजे हा आजार नव्हे, हे एवढ्यावरूनच कळतं.

डॉक्टरांना मी निघताना विचारलं, "आता मी सांगणं बंद करू का यांना?" त्या म्हणाल्या, "छे! फक्त इथे खरं सांगा. घरी हवी तेवढी मदत करा." म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये कॉपी बंद, घरी परवानगी. तेव्हा नातेवाईक मंडळी, फोन केलात तर "ओळखलंत का?" म्हणून यांची परीक्षा घेऊ नका. आधी आपलं नाव सांगा, नातं सांगा, मग बोला. जुन्या गोष्टी काढा, तिथे हे तुम्हाला हरवतील.

असो. रात्रीची एक गोळी सुरू आहे. आजार बरा होणार नाही, पण काही काळ सावरून धरेल असं सांगितलंय. दुधाचा हिशेब आता मी मांडते आणि हे तपासतात. परवा माझ्या बेरजेत चूक काढली. दहा रुपयांची. वही माझ्यासमोर धरून म्हणाले, "बाई, लक्ष कुठे असतं तुमचं?"