चाचांनी दिलेली खिडकी

लग्नानंतर मी कल्याणहून भोपाळच्या करोंदला आले. शेजारचे चाचा निशातपुऱ्याच्या कोच फॅक्टरीत कामाला होते. वर्षानुवर्षं धावून जुने झालेले रेल्वेचे डबे तिथे येतात. गंजलेला पत्रा कापला जातो, बाकं आणि खिडक्या उतरवून पुन्हा बसवल्या जातात. डब्याचा प्रत्येक कोपरा चाचांच्या हाताखालून गेलेला होता.

बाळाला घेऊन पहिल्यांदा एकटी माहेरी निघाले, तेव्हा त्यांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर तेव्हाच्या स्लीपरचा डबा काढून दाखवला. बहात्तर बर्थ, आठ-आठचे नऊ कप्पे. सात, पंधरा, तेवीस अशा क्रमानं येतात ते साइड लोअर. दिवसा तो बर्थ दुमडला की समोरासमोर दोन आसनं होतात आणि दोघांनाही खिडकी मिळते. चाकं डब्याच्या दोन्ही टोकांना असतात, म्हणून मधे धक्के कमी. बाळाला झोप लागायची असेल तर एकतीस किंवा एकोणचाळीस मागायचा. पण नुसत्या नंबरावर जाऊ नकोस, असं त्यांनी बजावलं. डबा उलटा जोडला की डावीकडचा बर्थ उजवीकडे जातो. “बेटा, नंबर बाद में, पहले सूरज देखो.”

हे मला गाडीत बसल्यावर समजलं. संध्याकाळची गाडी भोपाळहून दक्षिणेला निघते. ऊन उजवीकडून डोळ्यांवर येतं, आणि तेच ऊन डावीकडच्या डोंगरांवर पडून त्यांना उजळतं. म्हणून तेव्हा डावी खिडकी बरी. ओबेदुल्लागंज मागे पडलं की बरखेड्यापासून विंध्याचा उतार आणि रातापानीचं सागवानी जंगल सुरू होतं. 2024च्या डिसेंबरात हे जंगल व्याघ्र प्रकल्प झालं. मिडघाट, बुधनी आणि मग नर्मदेचा पूल. पुलावर गाडी आली की डबाभर हात जोडले जातात. एसीची काच उघडत नाही. पावसाळ्यातल्या या घाटाचा ओला वास हवा असेल तर स्लीपरच, हेही चाचांचंच सांगणं.

चाचा इटारसीला वाढलेले, त्यामुळे बुधनीचा घाट त्यांना पाठ होता. कसाऱ्याचा घाट मात्र त्यांनी पाहिला नव्हता. तो मी त्यांना सांगायची. पहाटे इगतपुरी सोडल्यावर गाडी उतरायला लागते. पश्चिमेकडे जाताना सूर्य पाठीशी असतो आणि समोरच्या कड्यांवर कोवळं ऊन चढतं. 1865 साली खुल्या झालेल्या या घाटाचा चढ सदतीसास एक आहे. परतीच्या गाडीला कसाऱ्यात मागून जादा इंजिनं लागतात, हे ऐकून ते मान डोलवायचे. डबे दुरुस्त करणाऱ्या माणसाला तो जोर बरोबर कळत होता.

चाचांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली, आणि माझं खरं देणं तिचंच आहे. साइड लोअर दिवसा एकट्याचा नसतो. वरच्या बर्थवाल्याचाही त्यावर बसायचा हक्क असतो. पण हक्काच्याही पुढे जा, असं ते म्हणत. नर्मदा आली की आतल्या बाकावरच्या म्हातारीला हाक मार, लहान पोराला खिडकीशी बसव. तू हा रस्ता पुन्हा पाहशील, ती कदाचित नाही पाहणार.

चाचा आता नाहीत. त्यांनी कधी आमच्याकडून काही घेतलं नाही, ईदचा शीरखुर्मा मात्र न चुकता पाठवला. ज्या मुलीकडे मी भावी सून म्हणून पाहते, तिलाही मी तेच कॅलेंडरचं पान समजावून सांगितलं आहे. त्यांचं ऋण फेडायचा मला दुसरा मार्ग दिसत नाही.

तुम्हीही या वाटेनं जाल तर वेळ आणि सूर्य पाहून बाजू निवडा. खिडकी मिळाली, तर बुधनी गेल्यावर, नर्मदा येण्याआधी, उठा आणि शेजारच्याला ती जागा द्या.